फादर डेमियन

फादर डेमियन (मूळ नाव : योझेफ दे व्हूस्टर, जन्म : ट्रेमेलो, बेल्जियम, ३ जानेवारी १८४०, मृत्यू : कालावाओ, मोलोकाई बेट, हवाई, १५ एप्रिल १८८९) हे बेल्जियन कॅथलिक धर्मगुरू होते. हवाई राज्याच्या शासनाने कुष्ठरुग्णांना सक्तीने वेगळे ठेवण्यासाठी मोलोकाई बेटावर वसाहत उभारली होती. तेथे ते १८७३ पासून मृत्यूपर्यंत सुमारे १६ वर्षे राहिले. रुग्णांची शुश्रूषा, घरबांधणी, पाणीपुरवठा, अनाथ मुलांचा सांभाळ आणि मृतांचे सन्मानपूर्वक दफन ही कामे त्यांनी धर्मोपदेशाइतकीच महत्त्वाची मानली. रुग्णांमध्ये राहताना त्यांनाही कुष्ठरोग झाला आणि त्यातच वयाच्या ४९व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतर काही महिन्यांतच होनोलुलूतील एका प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाच्या पत्रामुळे त्यांच्या चारित्र्यावर जाहीर शिंतोडे उडाले. प्रसिद्ध स्कॉटिश लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी त्याला खुल्या पत्राने उत्तर दिले. या वादामुळे ख्रिस्ती जीवनातील खरी सेवा कोणती आणि धार्मिकतेचा केवळ दिखावा कोणता, हा प्रश्न जगभर चर्चिला गेला. कॅथलिक चर्चने २००९ साली डेमियन यांना संत म्हणून घोषित केले.

बालपण आणि शिक्षण

योझेफ यांचा जन्म ब्राबांट प्रांतातील ट्रेमेलो या खेड्यात एका फ्लेमिश भाषिक कुटुंबात झाला. वडील फ्रान्स दे व्हूस्टर हे शेती आणि धान्याचा व्यापार करीत. आईचे नाव अ‍ॅन-कॅथरिन वाउटर्स. योझेफ हे त्यांचे सातवे अपत्य होते. घरातील वातावरण श्रद्धाळू होते. थोरल्या दोन बहिणी जोगिणी झाल्या, तर भाऊ ऑग्युस्ट याने येशू आणि मरिया यांच्या पवित्र हृदयांच्या संघात प्रवेश करून पांफिल हे नाव घेतले.

योझेफ यांनी घरचा व्यापार सांभाळावा अशी वडिलांची इच्छा होती. बालपण शेतावर गेल्यामुळे त्यांना सुतारकाम, गवंडीकाम, जनावरांची निगा अशा श्रमाच्या कामांची सवय होती. पुढील आयुष्यात ही कौशल्ये त्यांना पुस्तकी विद्येइतकीच उपयोगी पडली. व्यापारासाठी फ्रेंच भाषा यावी म्हणून त्यांना ब्रेन-ल-कोंत येथील शाळेत पाठविण्यात आले. तेथे १८५८ साली धर्मोपदेशकांची प्रवचने ऐकून त्यांच्या मनात संन्यस्त जीवनाचा विचार पक्का झाला. १८५९च्या आरंभी ते ल्यूव्हेन येथे भावाच्याच संघात दाखल झाले आणि त्यांनी डेमियन हे नाव स्वीकारले. प्राचीन ख्रिस्ती परंपरेत डेमियन हे मोबदला न घेता रुग्णांवर उपचार करणारे वैद्य-संत म्हणून ओळखले जातात.

लॅटिन येत नसल्यामुळे वरिष्ठांना ते धर्मगुरुपदाच्या योग्यतेचे वाटले नाहीत. संघात श्रमाची कामे करणारा बंधू म्हणूनच त्यांना घेण्यात आले. त्यांनी ही गोष्ट तक्रार न करता मान्य केली आणि फावल्या वेळात भावाकडून लॅटिन शिकण्यास सुरुवात केली. त्यांची झपाट्याने झालेली प्रगती पाहून वरिष्ठांनी मत बदलले आणि त्यांना धर्मगुरुपदाच्या अभ्यासक्रमात घेतले. ७ ऑक्टोबर १८६० रोजी पॅरिस येथे त्यांनी दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही व्रते घेतली. संघाच्या प्रथेप्रमाणे या विधीत व्रतस्थ व्यक्तीवर प्रेतवस्त्र अंथरले जाई. जुने जीवन संपून नव्याचा आरंभ झाला, असा त्याचा अर्थ होता. डेमियन यांच्या मनावर या विधीचा खोल ठसा उमटला आणि पुढे मोलोकाईहून लिहिलेल्या पत्रांतही त्यांनी त्याची आठवण काढली.

हवाईकडे प्रयाण

१८६३ साली संघाने हवाई बेटांवर पाठवावयाच्या धर्मगुरूंमध्ये पांफिल यांची निवड केली होती. परंतु ल्यूव्हेनमध्ये पसरलेल्या तापाच्या साथीत रुग्णसेवा करताना ते स्वतः आजारी पडले. त्यांच्या जागी आपल्याला पाठवावे, अशी विनंती डेमियन यांनी थेट पॅरिस येथील संघप्रमुखांना पत्राने केली. स्थानिक वरिष्ठांना वगळून लिहिलेल्या या पत्राबद्दल नाराजी व्यक्त झाली, तरी विनंती मान्य झाली. निघण्यापूर्वी स्खेर्पेनह्यूव्हेल या तीर्थक्षेत्री त्यांनी आईचा निरोप घेतला. त्यानंतर ते मायदेशी कधीही परतले नाहीत.

ब्रेमरहाफेन बंदरातून निघालेले त्यांचे जहाज दीर्घ प्रवासानंतर १९ मार्च १८६४ रोजी होनोलुलूला पोहोचले. २१ मे १८६४ रोजी तेथील कॅथेड्रलमध्ये त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. त्यांची पहिली नेमणूक हवाई या सर्वांत मोठ्या बेटावरील पुना भागात झाली. शेजारचा कोहाला-हामाकुआ हा भाग फार विस्तीर्ण आणि दुर्गम होता. तेथील सहकाऱ्याची प्रकृती तो फिरण्याइतकी धडधाकट नव्हती. डेमियन यांनी त्याच्याशी नेमणुकीची अदलाबदल केली आणि १८६५ पासून ८ वर्षे त्या डोंगराळ मुलखात काम केले. ते हवाईयन भाषा शिकले आणि स्वतःच्या हातांनी लहान लहान चर्च उभारली.

कुष्ठरोग आणि सक्तीचे विलगीकरण

युरोपीय आणि अमेरिकी जहाजांबरोबर आलेल्या अनेक नव्या रोगांनी एकोणिसाव्या शतकात हवाईच्या मूळ रहिवाशांची संख्या झपाट्याने घटली होती. त्यातच कुष्ठरोगाची भर पडली. राजे पाचवे कामेहामेहा यांच्या कारकिर्दीत १८६५ साली रोगाचा प्रसार रोखण्यासाठी कायदा झाला. त्यानुसार रुग्णांना कुटुंबापासून वेगळे करून मोलोकाई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील कालाउपापा द्वीपकल्पावर पाठविले जाऊ लागले. या जागेच्या तीन बाजूंना खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूला शेकडो मीटर उंचीचे उभे कडे होते. रुग्णांची पहिली तुकडी ६ जानेवारी १८६६ रोजी तेथे उतरविण्यात आली. हे धोरण १९६९ साली संपेपर्यंत सुमारे ८,००० लोकांना तेथे नेण्यात आले आणि त्यांपैकी बहुसंख्य मूळ हवाईयन होते.

रुग्ण शेती करून स्वतःचे पोट भरतील अशी शासनाची अपेक्षा होती. प्रत्यक्षात बरेच जण हातापायांनी अधू झालेले असत. अन्न, कपडे, औषधे आणि निवारा यांचा कायम तुटवडा असे. वसाहतीत निवासी डॉक्टर नव्हता. मात्र तेथे कोणीच कोणाची काळजी घेत नव्हते, हे पुढे रूढ झालेले चित्र खरे नाही. अनेक रुग्णांचे पती, पत्नी वा आईवडील स्वेच्छेने त्यांच्याबरोबर आले होते. त्यांना हवाईयन भाषेत कोकुआ, म्हणजे मदतनीस, म्हणत. तेथील प्रॉटेस्टंट रुग्णांनी १८६६ सालीच सिलोआमा ही मंडळी स्थापन करून पुढे आपले चर्च बांधले होते. डेमियन येण्यापूर्वी १८७२ साली संघातील एका बंधूने कालावाओ येथे संत फिलोमेना यांच्या नावाचे छोटे चर्च उभारले होते. परंतु तेथे कायम राहणारा कॅथलिक धर्मगुरू नव्हता.

४ मे १८७३ रोजी माउई बेटावरील वाइलुकू येथे नव्या चर्चच्या समर्पणासाठी बिशप लुई मेग्रे आणि काही धर्मगुरू एकत्र आले होते. त्या वेळी मोलोकाईतील कॅथलिक रुग्णांचा विषय निघाला. तेथे राहणे म्हणजे मृत्यूला निमंत्रण, हे सर्वांना ठाऊक होते. त्यामुळे बिशपांनी कोणालाही आज्ञा केली नाही. चार तरुण धर्मगुरूंनी पाळीपाळीने जाण्याची तयारी दाखविली आणि पहिली पाळी डेमियन यांनी मागून घेतली. १० मे १८७३ रोजी बिशप मेग्रे स्वतः त्यांना घेऊन कालाउपापाच्या किनाऱ्यावर उतरले. काही काळापुरती असलेली ही पाळी डेमियन यांच्याच विनंतीवरून कायमची झाली. योगायोग असा की, त्याच वर्षी नॉर्वेमध्ये हान्सेन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधून काढला. मात्र प्रभावी औषध मिळण्यास आणखी सात दशके लागणार होती.

कालावाओतील कार्य

राहण्यास घर नसल्यामुळे डेमियन यांनी सुरुवातीचे दिवस चर्चशेजारी एका केवड्याच्या जातीच्या झाडाखाली काढले. रुग्णांच्या झोपड्यांतील दुर्गंधी सुरुवातीला त्यांना असह्य होई आणि त्यांना अनेकदा बाहेर मोकळ्या हवेत यावे लागे. दुर्गंधी मारण्यासाठी ते पाईप ओढू लागले. परंतु आपली शिसारी रुग्णांच्या लक्षात येऊ नये याची त्यांनी काळजी घेतली. ते रुग्णांच्या जखमा धूत, मलमपट्टी करीत आणि अळूच्या जातीच्या कंदापासून केलेली पोई नावाची लापशी त्यांच्याबरोबर एकाच भांड्यातून खात. हवाईयन समाजात एका भांड्यातून खाणे हे आपुलकीचे लक्षण मानले जाई. वेगळे भांडे मागणारा उपदेशक कितीही चांगले बोलला, तरी तो परकाच ठरला असता. वैद्यकीयदृष्ट्या ही बेफिकिरी होती, तरी त्यांनी समजूनउमजूनच ती पत्करली होती. प्रारंभापासून ते पत्रांत आणि प्रवचनांत रुग्णांचा उल्लेख परक्यांसारखा न करता स्वतःला त्यांच्यात धरून करीत. त्या वेळी त्यांना रोगाची बाधा झालेली नव्हती.

त्यांच्या कामाचा मोठा भाग हातांनी करावयाच्या श्रमांचा होता. १८७४ साली वादळाने अनेक झोपड्या कोसळल्यावर त्यांनी शासकीय आरोग्य मंडळाकडे लाकडासाठी तगादा लावला आणि रुग्णांच्या मदतीने जमिनीपासून उंच अशी लाकडी घरे बांधली. दरीतील झऱ्याचे पाणी नळांनी वस्तीपर्यंत आणण्याच्या कामात ते राबले. त्यांनी चर्च वाढविले, रस्ते केले, मुलामुलींसाठी अनाथगृहे काढली, गायकवृंद आणि वाद्यवृंद उभा केला. बोटे झडलेले वादकही त्यात सहभागी होत.

मृतांच्या बाबतीत त्यांनी केलेला बदल रुग्णांना विशेष मोलाचा वाटला. पूर्वी अनेकांना चादरीत गुंडाळून उथळ खड्ड्यात पुरले जाई. डेमियन यांनी दफनभूमीला कुंपण घातले, शवपेट्या स्वतः तयार केल्या, खड्डे खणले आणि अंत्ययात्रा काढण्यासाठी रुग्णांचीच एक मंडळी स्थापन केली. मेल्यानंतर तरी आपली विटंबना होणार नाही, हा दिलासा वसाहतीतील माणसांना त्यामुळे मिळाला.

प्रारंभी आरोग्य मंडळाने त्यांनाही वसाहतीबाहेर जाण्यास मनाई केली होती. पापनिवेदन करण्यासाठी त्यांना दुसऱ्या धर्मगुरूची गरज होती. एकदा त्यांचे वरिष्ठ जहाजाने आले असता कप्तानाने त्यांना उतरू दिले नाही आणि डेमियन यांनाही वर येऊ दिले नाही. तेव्हा डेमियन यांनी लहान होडीत उभे राहून, जहाजावरच्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात फ्रेंच भाषेत आपले पापनिवेदन केले. पुढे ही मनाई सैल झाली. त्यानंतर त्यांनी बेटाच्या वरच्या भागातील गावांतही चर्च बांधली.

१८८१ साली राजे कालाकाउआ परदेश दौऱ्यावर असताना राज्यकारभार पाहणाऱ्या राजकन्या लिलिउओकलानी यांनी वसाहतीला भेट दिली. तेथील दृश्य पाहून त्या इतक्या हेलावल्या की त्यांना भाषण करता आले नाही. त्यांनी डेमियन यांना राज्याचा मानाचा किताब आणि पदक दिले. डेमियन यांनी ते पदक सहसा वापरले नाही.

स्वभाव आणि मतभेद

डेमियन यांचा स्वभाव सौम्य नव्हता. ते तापट, हट्टी आणि आपलेच खरे करणारे होते. शासकीय अधिकाऱ्यांकडे ते सतत मागण्या करीत आणि नकार मिळाला तरी गप्प बसत नसत. वसाहतीत चालणारी दारू बंद पाडण्यासाठी ते काठी घेऊनही जात. सोबत काम करण्यास आलेल्या धर्मगुरूंशी त्यांचे पटले नाही. कपड्यांच्या आणि निवासाच्या टापटिपीकडे त्यांचे लक्ष नसे. हे दोष त्यांच्या चाहत्यांनीही नोंदविले आहेत.

त्यांचा सर्वांत क्लेशदायक संघर्ष स्वतःच्याच वरिष्ठांशी झाला. त्यांच्या कार्याची माहिती देणारी पत्रे युरोपात छापली जाऊ लागली, तसा त्यांच्या नावाने निधी येऊ लागला. लंडनच्या कँबरवेल भागातील अँग्लिकन धर्मगुरू ह्यू चॅपमन यांनी पंथभेद बाजूला ठेवून सुमारे १,००० पौंड जमा करून पाठविले. यावरून शासनाला आपली बेपर्वाई जगापुढे आल्यासारखे वाटले. बिशप कोकेमान आणि संघाचे प्रांतप्रमुख फुएनेल यांना डेमियन प्रसिद्धीच्या मागे लागले आहेत असा संशय आला. कठोर शब्दांतील पत्रे आणि दुरावा त्यांच्या वाट्याला आला. आपल्यावरील अविश्वासाचे दुःख त्यांनी पत्रांतून व्यक्त केले. पण त्यांनी आज्ञापालनाचे व्रत मोडले नाही आणि आलेला निधी रुग्णांसाठीच खर्च केला. कपडे वाटताना कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि कोणत्याही चर्चमध्ये न जाणारे असा भेद त्यांनी केला नाही.

आजार आणि अखेरची वर्षे

१८८४च्या डिसेंबरमध्ये डेमियन यांनी थकलेले पाय शेकण्यासाठी पाण्यात बुडविले. पाणी उकळते होते आणि कातडीवर फोड आले, तरी त्यांना वेदना जाणवली नाही. बधिरता हे कुष्ठरोगाचे लक्षण असल्याचे ते इतरांमध्ये पाहत आले होते. १८८५ साली निदान निश्चित झाले. आजार कळल्यावर त्यांनी काम कमी न करता वाढविले. आपल्या पश्चात ही कामे अपुरी राहू नयेत अशी त्यांची धडपड होती.

१८८६ साली ते जपानी डॉक्टर मासानाओ गोतो यांची स्नानोपचार पद्धती समजून घेण्यासाठी होनोलुलूच्या काकाआको रुग्णालयात गेले. या प्रवासालाही प्रांतप्रमुखांचा विरोध होता. ज्या धर्मबंधूंसाठी आयुष्य वाहिले त्यांच्याच निवासात आपले येणे नकोसे झाले आहे, हा अनुभव त्यांना तीव्रपणे जाणवला. राजे कालाकाउआ मात्र रुग्णालयात त्यांच्या भेटीस आले. थोड्याच दिवसांत डेमियन मोलोकाईला परतले. त्याच वर्षी बेल्जियममध्ये त्यांच्या आईचे निधन झाले.

अखेरच्या वर्षांत त्यांना सहकारी लाभले. अमेरिकी यादवी युद्धात सैनिक असलेले जोसेफ डटन १८८६ साली आले आणि पुढे चार दशकांहून अधिक काळ तेथे राहिले. बेल्जियन धर्मगुरू काँरार्डी १८८८ साली दाखल झाले. होनोलुलूत १८८३ पासून रुग्णसेवा करणाऱ्या फ्रान्सिस्कन जोगीण मदर मरियान कोप या १८८८च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या सहकारिणींसह कालाउपापाला आल्या. त्यामुळे मुलामुलींच्या भवितव्याविषयी डेमियन निश्चिंत झाले. डिसेंबर १८८८ मध्ये इंग्लिश चित्रकार एडवर्ड क्लिफर्ड त्यांना भेटण्यास आले. अंदमानात कुष्ठरोगावर वापरून पाहिलेले गर्जन वृक्षाचे तेल त्यांनी सोबत आणले होते. त्या तेलाने रोग बरा झाला नाही. क्लिफर्ड यांनी काढलेली डेमियन यांची चित्रे मात्र जगभर प्रसिद्ध झाली.

१५ एप्रिल १८८९ रोजी, पवित्र सप्ताहातील सोमवारी, डेमियन यांचे निधन झाले. ज्या झाडाखाली त्यांनी पहिले दिवस काढले होते, त्याच झाडाखाली रुग्णांनी त्यांचे दफन केले.

हाइड यांचे पत्र

डेमियन यांच्या मृत्यूची बातमी इंग्लंड आणि अमेरिकेत पसरली तेव्हा प्रॉटेस्टंट वर्तुळांतही त्यांचा गौरव झाला. कॅलिफोर्नियातील धर्मोपदेशक गेज यांनी होनोलुलूतील चार्ल्स मॅक्युएन हाइड यांच्याकडे डेमियन यांच्याविषयी विचारणा केली. हाइड हे हवाईतील मान्यवर काँग्रिगेशनल धर्मोपदेशक होते. धर्मप्रचारकांना शिक्षण देणाऱ्या संस्थेचे ते प्रमुख होते आणि शिक्षणक्षेत्रात त्यांचे भरीव काम होते. २ ऑगस्ट १८८९ रोजी लिहिलेल्या उत्तरात त्यांनी डेमियन यांना गलिच्छ, असंस्कृत, हटवादी आणि कट्टर ठरविले. डेमियन यांना मोलोकाईला पाठविले नव्हते, ते आज्ञेविना गेले. ते वसाहतीत न राहता बेटावर मुक्तपणे फिरत. तेथील सुधारणा आरोग्य मंडळाने केल्या. स्त्रियांशी त्यांचे संबंध शुद्ध नव्हते आणि त्यांचा रोग हा त्यांच्या दुर्गुणांचा परिणाम होता, असे आरोप त्यात होते. हे खाजगी पत्र गेज यांनी प्रसिद्धीस दिले आणि ऑक्टोबर १८८९ मध्ये ते सिडनीच्या एका प्रेस्बिटेरियन नियतकालिकात छापून आले.

यांपैकी काही विधानांना तथ्याचा अर्धामुर्धा आधार होता. डेमियन बेटाच्या इतर भागांत जात, हे खरे आहे, पण त्यांचे वास्तव्य कालावाओलाच होते. घरे आणि नळ यांचा बराच खर्च आरोग्य मंडळाने केला, हेही खरे आहे, पण त्यामागे डेमियन यांचा तगादा आणि श्रम होते. आज्ञेविना गेल्याचा आरोप टिकत नाही, कारण बिशप स्वतः त्यांना घेऊन गेले होते. स्त्रियांविषयीच्या आरोपाला कोणताही पुरावा पुढे आला नाही आणि त्यांच्याबरोबर राहिलेल्या डटन यांनी त्यांच्या चारित्र्याची ग्वाही दिली.

शेवटच्या आरोपाचे मूळ त्या काळच्या समजुतीत होते. कुष्ठरोग हा लैंगिक रोगाचाच पुढचा टप्पा आहे असे काही डॉक्टर मानीत, तर सामान्य श्रद्धाळू लोक त्याला पापाची शिक्षा समजत. या समजुतीमुळे प्रत्येक रुग्ण आपोआप दोषी ठरत असे. डेमियन यांच्यावरील आरोप म्हणूनच त्यांच्यापुरता मर्यादित नव्हता. वसाहतीतील हजारो माणसांच्या माथी मारलेला कलंकच त्यामागे उभा होता.

स्टीव्हन्सन यांचे उत्तर

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे स्वतः प्रॉटेस्टंट घराण्यात वाढलेले होते. डेमियन यांच्या मृत्यूनंतर महिनाभरात, मे १८८९ मध्ये, त्यांनी कालाउपापाला भेट देऊन सुमारे एक आठवडा मुक्काम केला. तेथे त्यांनी डेमियन यांच्या चाहत्यांपेक्षा टीकाकारांशीच अधिक बोलणे केले. होनोलुलूत हाइड यांच्याशी त्यांचा परिचय झाला होता आणि हाइड यांनी त्यांचे आदरातिथ्यही केले होते. सिडनीत असताना हाइड यांचे पत्र वाचनात आल्यावर त्यांनी २५ फेब्रुवारी १८९० ही तारीख घालून खुले पत्र लिहिले. अब्रुनुकसानीचा खटला होऊन सर्व संपत्ती जाण्याचा धोका त्यांनी ओळखला होता. कुटुंबीयांची संमती घेऊनच त्यांनी ते छापले.

या पत्राची मांडणी लक्षणीय आहे. स्टीव्हन्सन यांनी डेमियन यांचे दोष लपविले नाहीत. ते अडाणी वळणाचे, हेकेखोर आणि व्यवहारात गोंधळी होते, हे त्यांनी मान्य केले. दोष असलेला शेतकरी गडी इतके करू शकला, यातच त्याचे मोठेपण आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्या कामाची हाक सर्व पंथांना ऐकू गेली होती, ते काम एकाने अंगावर घेतले आणि त्यात प्राण दिले. अशा वेळी शहरातील सुखसोयींच्या घरात राहिलेल्या दुसऱ्या धर्मसेवकाने निदान मौन पाळावयास हवे होते, असे त्यांचे म्हणणे होते. डेमियन गलिच्छ असल्याच्या आरोपाला त्यांनी हाइड यांच्या सुंदर निवासस्थानाचे चित्र समोर ठेवून उत्तर दिले. लोकापवाद खरा मानला तरी धर्मोपदेशकाने तो पसरवावा का, हा त्यांचा अखेरचा प्रश्न होता.

हाइड यांनी खटला भरला नाही. पुढे स्टीव्हन्सन यांनाही आपली भाषा हाइड यांच्याबाबतीत अतिकठोर झाल्याची खंत वाटली आणि ती त्यांनी एका खाजगी पत्रात व्यक्त केली. डेमियन यांच्याविषयीचे मत मात्र त्यांनी बदलले नाही.

मूल्यमापन

या वादाकडे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट पंथांतील झगडा म्हणून पाहणे अपुरे ठरते. डेमियन यांना मदत पाठविणारे चॅपमन अँग्लिकन होते, त्यांचा बचाव करणारे स्टीव्हन्सन प्रेस्बिटेरियन घराण्यातील होते, आणि त्यांना सर्वाधिक मनस्ताप देणारे वरिष्ठ त्यांच्याच संघाचे होते. सोवळेपणाने दूर राहून दुसऱ्याचे दोष मोजण्याची वृत्ती कोणत्याही एका पंथाची नव्हती. तशीच, पंथ न पाहता मदतीला धावून जाणारी माणसेही दोन्हीकडे होती.

डेमियन यांची नम्रता गोड बोलण्यात किंवा पडते घेण्यात दिसत नाही. धर्मगुरूच्या प्रतिष्ठेला न शोभणारी मानली जाणारी कामे, म्हणजे जखमा धुणे, लाकूड तासणे, खड्डे खणणे, ही त्यांनी आपलीच मानली. स्वतःच्या तापट स्वभावाची जाणीव त्यांना होती आणि आत्मपरीक्षणाच्या टिपणांत त्यांनी ती नोंदविली आहे.

अलीकडच्या अभ्यासकांनी त्यांच्या चरित्रलेखनातील एका उणिवेकडे लक्ष वेधले आहे. युरोपीय धर्मगुरूच्या गौरवात कोकुआ मदतनीस, हवाईयन रुग्णांनी स्वतः चालविलेल्या संस्था आणि सक्तीच्या विलगीकरणाचा अन्याय झाकला गेला. हा आक्षेप योग्य आहे. डेमियन यांची घरे, नळ, गायकवृंद आणि अंत्ययात्रा या सर्वांत रुग्णांचे हात होते.

वारसा आणि स्मारके

डेमियन यांच्या मृत्यूनंतर इंग्लंडमध्ये युवराज एडवर्ड यांच्या पुढाकाराने स्मारक समिती नेमली गेली. तिच्यातून राष्ट्रीय कुष्ठरोग निधी उभा राहिला. या निधीने १८९०-९१ मध्ये भारतात कुष्ठरोग आयोग पाठविला. भारतभर पाहणी करून आयोगाने हा रोग संसर्गाने फार कमी प्रमाणात पसरतो असा निष्कर्ष काढला आणि रुग्णांच्या सरसकट सक्तीच्या विलगीकरणाची शिफारस केली नाही. तरीही १८९८ साली भारतात निराधार कुष्ठरुग्णांना वेगळे ठेवण्याचा कायदा झाला. विसाव्या शतकात बेल्जियममध्ये डेमियन यांच्या नावाची सेवासंस्था स्थापन झाली. तमिळनाडूतील पोलंबाक्कम येथे १९५५ साली बेल्जियन डॉक्टरांनी सुरू केलेले कुष्ठरोग केंद्र याच परंपरेतील आहे.

१९३६ साली बेल्जियमच्या राजांच्या विनंतीवरून डेमियन यांचे अवशेष मायदेशी नेण्यात आले आणि ल्यूव्हेन येथे ठेवण्यात आले. त्यांची मूळ कबर रिकामी झाल्याचे दुःख मोलोकाईतील रुग्णांना झाले. ४ जून १९९५ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ब्रसेल्स येथे त्यांना धन्य घोषित केले. त्यानंतर त्यांचा उजवा हात मोलोकाईला परत पाठवून मूळ कबरीत पुरण्यात आला. त्यांना हा मान मिळावा यासाठी मदर तेरेसा यांनीही आग्रह धरला होता. ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी त्यांना संतपद दिले. मदर मरियान कोप यांना २०१२ साली संतपद मिळाले.

डेमियन यांचा स्मृतिदिन १० मे रोजी, म्हणजे ते मोलोकाईला पोहोचले त्या दिवशी, पाळला जातो. २००५ साली बेल्जियमच्या फ्लेमिश दूरचित्रवाणीने घेतलेल्या जनमत चाचणीत ते सर्वश्रेष्ठ बेल्जियन ठरले. अमेरिकेच्या संसदभवनात हवाई राज्यातर्फे त्यांचा पुतळा उभारण्यात आला आहे. शिल्पकार मारिसोल यांनी त्यात रोगाने विद्रूप झालेला त्यांचा चेहरा तसाच दाखविला आहे. कालाउपापा द्वीपकल्प १९८० पासून राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. तेथील दफनभूमीत हजारो रुग्ण चिरनिद्रा घेत आहेत आणि त्यांपैकी अनेकांच्या कबरींवर नाव नाही.